गोधड्यांचा स्टुडिओ

खोलीचं दार उघडलं आणि हातातला ट्रायपॉड मी तसाच धरून उभी राहिले. भिंतींवर एकही गोधडी नव्हती. मी बांधलेल्या दोऱ्या होत्या, त्यावरचे चिमटे होते. खाली नुकती पुसलेली, ओली फरशी.

जुन्नरच्या एका कॅमेऱ्याच्या दुकानात मी काम करते. व्हिडिओसाठी घरातच स्टुडिओ हवा असेल, तर तो लावून द्यायला शेठ मला पाठवतात. पेठ गावच्या वैशालीताईंचं काम त्यातलंच. लग्नाआधी त्या शाळेत गणित शिकवायच्या. आता पुण्याच्या एका ऑनलाइन क्लासला त्यांना घरून शिकवायचं होतं. क्लासने नमुन्याचे दोन व्हिडिओ परत पाठवले होते. कारण एकच, आवाज घुमतो. तिसरा आज संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता, आणि चौथी संधी नाही असं त्यांनी स्पष्ट कळवलं होतं.

रिकाम्या खोलीत आवाज भिंतींवर आपटून परत येतो. आपल्या कानाला ते फार जाणवत नाही, माईकला जाणवतं. वैशालीताईंच्या खोलीला तर अर्ध्या भिंतीपर्यंत चकचकीत टाइल्स. भिंतींना फोम लावला की आवाज मुरतो. पण फोम त्यांना परवडणारा नव्हता, म्हणून मागच्या आठवड्यात मी घरातल्या झाडून सगळ्या गोधड्या भिंतींवर टांगल्या. आवाज छान बसला होता.

"मावशी, गोधड्या कुठं आहेत?" मी त्यांच्या सासूबाईंना विचारलं.

"धुतल्या की. परवा घट बसायचं न्हाईत व्हय?"

"पण त्या स्टुडिओच्या होत्या."

"स्टुडिओच्या कशानं गं? दोन तर माज्या आईच्या लुगड्याच्या हायेत. घट बसायच्या आधी घरात बिनधुतलं एक फडकं ऱ्हात न्हाई आमच्यात."

घट आमच्याकडेही बसतात. पण ते धुणं आई काढते आणि त्या दिवशी मला कायम क्लास असायचा. मोठ्यांशी वाद घालणं मला जमत नाही.

वैशालीताई दारात उभ्या होत्या. त्यांची बोटं पाण्याने सुरकुतली होती. म्हणजे गोधड्या त्यांनीच धुतल्या होत्या.

"आत्यांना नाही कसं म्हणणार? मला वाटलं दुपारपर्यंत वाळतील," त्या सासूबाईंकडे बघत हळूच म्हणाल्या.

मी मळ्यात जाऊन पाहिलं. विहिरीजवळच्या तारेवर गोधड्या लोंबत होत्या आणि तार जमिनीला टेकली होती. पिळायला गेले तर एक मला उचलताही आली नाही. गाद्याही पाणी मारून पत्र्यावर उन्हात टाकल्या होत्या. चादरी, पडदे, उशांचे अभ्रे, सगळं ओलं.

शेठना फोन लावला.

"शेठ, फोम आज पाठवता येईल?"

"टेम्पो बेल्ह्याला गेलाय मॅडम. उद्या."

"उद्या उपयोग नाही."

"गोधड्यांची आयडिया कोणाची होती?"

"माझी."

"मग? गोधडी म्हटल्यावर ती धुतली जाणारच ना."

रेंज तुटत होती म्हणून बोलत बोलत मी घरामागच्या कांद्याच्या चाळीत शिरले होते. दोन्ही बाजूंना फळ्यांच्या फटीआड उन्हाळी कांद्याचे छातीएवढे ढीग, मधे चालण्यापुरती बोळ. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, माझा स्वतःचा आवाज इथे वेगळाच येत होता. खोली तपासायला आम्ही टाळी वाजवून बघतो. मी वाजवली. टाळी जागेवरच विरली.

वास मात्र फार होता. खालचा कांदा सडायला लागला होता.

"इथं?" वैशालीताईंनी पदर नाकाला लावला.

"व्हिडिओत वास येत नाही."

घरातून लांब वायर ओढली. फळ्यांच्या फटींतून चेहऱ्यावर उन्हाचे पट्टे पडत होते, म्हणून बाहेरून ताडपत्री बांधली. व्हाइटबोर्ड ढिगाला टेकवून उभा केला आणि फ्रेम इतकी घट्ट धरली की बोर्ड आणि वैशालीताई एवढंच दिसावं. अपूर्णांकांची बेरीज सुरू झाली.

पहिला टेक चिलटांनी घालवला. दुसरा अर्ध्यावर आला आणि बाहेर शेजारच्या काकूंचा आवाज, "अगं, घराची दारं सताड उघडी, कुठं गेली सारी?"

वैशालीताईंचा मार्कर थांबला. मी हातानेच खूण केली, थांबा. हेडफोनमध्ये सासूबाई स्वच्छ ऐकू आल्या.

"वरडू नगं. आत पोरांना शिकवतीया ती."

"चाळीत? कुठंयत पोरं?"

"पुण्यात. जा तू, मागनं ये."

त्यानंतर त्या चाळीच्या तोंडाशी पाट टाकून बसल्या. कोणी आलं तर नुसता हात हलवायच्या. तिसरा टेक शेवटपर्यंत गेला. ओट्यावर बसून मी एडिट केला आणि दिवेलागणीच्या आत पाठवला.

परतीच्या एसटीत शेजारच्या बाईंनी नाक मुरडून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कांदा इकून आली का पोरी? काय भाव गेला?" मी खिडकीकडे तोंड केलं. खरं सांगायचं म्हटलं तर सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं असतं.

वैशालीताईंची निवड झाली. क्लासच्या मेलमध्ये एकच सूचना होती: आवाज उत्तम, पण बोर्डच्या डाव्या कोपऱ्यात एक कांदा दिसतो, पुढच्या वेळी तो काढावा. दसरा झाल्यावर गोधड्या पुन्हा भिंतींवर चढल्या. दिवाळीच्या साफसफाईला उतरतील, हे मी आता धरून चालते.

घरातली वस्तू स्टुडिओला लावली तरी ती घराचीच राहते आणि घराच्या वेळेनुसार चालते. नव्या ठिकाणी गेले की मी आता मोजमापाची टेप काढायच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघते. आणि फोमचा विषय पहिल्याच चहाला काढते. शेठ खूश आहेत.