गिरणीच्या भिंतीवरच्या एकोणीस रेघा

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं. चौथीनंतर शाळा सुटली, मग किराण्याच्या यादीपलीकडं कधी लिहिलं नाही. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं, असं म्हणते खरी, पण ही वही कुणाला दाखवायचा धीर मला होईल असं वाटत नाही.

हे गेले त्याला दीड महिना झाला. मी तेव्हा तासगावला बहिणीकडं होते, बेदाणा निवडायला. शेडमध्ये आम्ही बायका ओळीनं बसून काड्या नि काळे मणी बाजूला काढत होतो. दाजी आत आले, माझ्या पुढ्यातली पाटी बाजूला सारली. मग म्हणाले, "अण्णा वडूजच्या स्टँडवर बसल्या जागीच गेलं." ते वडूजला कशाला गेले होते, हे मला कुणी सांगायला नको होतं. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात नावांची यादी निघाली. पाच वर्षं झाली तरी ते अजून घरं गोळा करत होते...

कोरेगावात आमची पिठाची गिरणी होती. तिच्या परवान्यासाठी ह्यांनी साताऱ्याला दोन वर्षं हेलपाटे घातले. एका साहेबानं सही केली की दुसरा रजेवर. त्यातूनच त्यांच्या डोक्यात ते शिरलं. म्हणायचे, सरकारनं चोराला धरावं, बाकी माणसाला मोकळं सोडावं. कर नको, परवाना नको, ज्याला रस्ता पाहिजे त्यानं वर्गणी काढून करावा. पण हे इथं कोण होऊ देणार? म्हणून वडूजच्या पलीकडं माळावरची एक वाडी त्यांनी हेरली. तिथं मतं थोडी. चाळीस घरं एकदम राहायला गेली की पंचायत आपली. एखादं घर यायला तयार झालं की हे गिरणीच्या भिंतीवर कोळशानं एक रेघ मारायचे. दळण घेऊन आलेल्या माणसाशी बोलायचं असलं की मोटरीचा पट्टा काढून गिरणी थांबवायचे. गिरणी अचानक गप्प झाली की मी ओळखायची, आज आणखी एक रेघ.

लोक हसायचेही. एक न्हावी होता, तो म्हणायचा, "अण्णा, समदे परवाने बंद, मग बायकूचा परवाना कोन काढनार?" हे हसायचे नाहीत. त्यांना नुसते हो म्हणणारे नको होते, खरंच बिऱ्हाड हलवणारे पाहिजे होते. आणि न्हाव्याचं खरंच होतं, बायका अडून बसल्या होत्या. एक दिवस हे मला म्हणाले, "तू गप बसतीस म्हनून त्या मागं सरत्यात. एकदा चारचौघींत बोल, आमी पन चाललोय म्हनून." मला जायचं नव्हतं. लेक शाळेत होती, माळावर पाणी नव्हतं, आणि मला भीती वाटायची. पण त्यांच्यापुढं नाही म्हणायची सवय मला कधी लागलीच नाही.

खंडेनवमीला त्यांनी सगळ्यांना गिरणीत बोलावलं. ज्यानं त्यानं आपलं हत्यार आणायचं आणि त्यावर हात ठेवून शब्द द्यायचा. न्हाव्यानं वस्तरा आणला, सुतारानं वाकस. रज्जाकभाई पिंजाऱ्यानं कापूस पिंजायची धनुकली आणली. त्यांची बायको जैबून माझी शेजारीण, सुखदुःखाची. ती माझ्याकडं बघत म्हणाली, "शालन, तू येनार ना गं? तू येत असशील तर मी येते." मी गिरणीच्या दगडावर हात ठेवला. सगळे बघत होते. "तू हो पुढं," मी म्हणाले, "आमी आलोच." माझ्या हाताला पीठ लागलं होतं, ते पुसायचंही सुचलं नाही. त्या दिवशी भिंतीवर एकोणीस रेघा झाल्या. त्यानंतर रोज सकाळी मी त्या मोजायची आणि देवाला म्हणायची, विसावी होऊ देऊ नको...

झाली नाही. पण ह्यांचं म्हणणं, कुणीतरी आधी गेलं की बाकीचे मागून येतात. दिवाळीनंतर रज्जाकभाईंनी दोन खोल्या विकल्या, नऊ हजार जमिनीच्या इसारासाठी दिले आणि माळावर पत्र्याची शेड टाकली. ते जमीनमालकाला म्हणाले, "स्टॅम्पावर लिवून द्या." हेच आडवे आले. "स्टॅम्प घेतला की सरकार मधी आलं. मानसाचा शब्द पुरं हाय." मालक लगेच कबूल झाला. आता वाटतं, तो किती लगेच कबूल झाला होता... उन्हाळ्यात त्यानं तीच जमीन दुसऱ्याला रीतसर खरेदीखत करून विकली आणि इसाराचं नावही काढेना.

रज्जाकभाई एकटेच आले. ओरडले नाहीत. धनुकली उंबऱ्यावर ठेवून म्हणाले, "अण्णा, शपथ हिच्यावर घेतली हुती. आता तुमीच ठेवा." मग ते सांगलीला मजुरीला गेले. ह्यांनी ती गिरणीत खुंटीला लावली. पट्टा फिरायला लागला की तिची ताणलेली दोरी, तात, आपोआप घुमायची, बारीक, दळण संपेपर्यंत. हे म्हणायचे, "चाळीस हुतील. मग त्याला पन परत बोलवू." मी मात्र दरसाल बेदाण्याचा हंगाम संपला की तासगावहून परस्पर सांगलीला जाऊन जैबूनच्या हातात जमेल तेवढे ठेवायची. ह्यांना कधी कळलं नाही. की कळलं होतं? एकदा मी निघताना त्यांनी धनुकलीवरचं पीठ पुसलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "सावकाश ये."

गेल्या आठवड्यात गिरणीची मोटर आणि दगड विकले. जागा घेणाऱ्यानं भिंत अजून रंगवलेली नाही. धनुकली जुन्या साडीत गुंडाळून सांगलीला गेले. जैबूननं ती दाराआड टेकवली आणि मोटर विकून आलेल्या नोटा मी दिल्या, त्या हातात घेतल्या. मोजल्या नाहीत.

"आता तरी खरं सांग. तुला यायचं हुतं का गं?"

"न्हाई," मी म्हणाले. पाच वर्षांत एवढंच खरं बोलले असेन.

"तू दगडाकडं बघून बोललीस, माझ्याकडं न्हाई. मी बघितलं," ती म्हणाली. "मला वाटलं, लाजतीस."

मग तिनं खाली बसून नोटा मोजल्या, आधीच्या वर्षांचे पैसे त्यात मिळवले, पुन्हा एकदा हिशोब केला. नऊ हजार. पुरे झाले.