न फुटणाऱ्या विटा

मे महिन्याच्या सुट्टीत आतेभाऊ मुंबईहून पोलादपूरला आमच्याकडे आला, तो टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम घेऊनच. त्यातला बुटका माणूस उड्या मारून डोक्यानं विटा फोडत पुढं जायचा. काही विटा मात्र कितीही धडका दिल्या तरी फुटायच्या नाहीत. मला नेमका त्यांचाच राग. वाट मोकळी असली तरी मी त्यांच्याखालीच उड्या मारत राहायचे. "ती फुटणारी नाय गो, पुढं जा!" भाऊ ओरडायचा. मी कशाला जातेय!

दुपारी लाइट गेली की गेम बंद पडायचा. मी उगाच बटणं खटखटवायचे, दारात जाऊन परत यायचे. शेवटी आम्ही सारवलेल्या अंगणात आमचाच गेम काढला. चिंचोका हा आमचा माणूस. खडूची वीट फुटणारी, कोळशानं भरलेली न फुटणारी. एकानं विटा मांडायच्या, दुसऱ्यानं वाट काढायची. माझी पाळी आली तशी मी चारी बाजूंनी काळ्याच विटा रचल्या. भाऊ चिडला आणि चिंचोका फेकून आत निघून गेला.

सकाळी आई शेणाची बादली घेऊन अंगणात बसली. तिच्या हाताखाली एकेक ओळ नाहीशी व्हायला लागली. मी धावत जाऊन उरलेल्या काळ्या विटेवर उभी राहिले.

"आई, या विटा फुटत नाहीत!"

"बरं," आई म्हणाली. "पाय उचल."