एक तारखेला गाडी कुठल्या बाजूला?

या एक तारखेला, सकाळी सकाळी, मी बाबांशी भांडले. कारण ऐकाल तर हसाल... गाडी रस्त्याच्या कुठल्या बाजूला लावायची!

बाबा पुण्यात सदाशिव पेठेत एकटे राहतात, मी शहराच्या पार टोकाला, वाघोलीत. त्या दिवशी त्यांना डॉक्टरांना दाखवायचं होतं, म्हणून मी आदल्या संध्याकाळीच गाडी घेऊन मुक्कामाला आले होते.

डॉक्टर विसरण्याच्या आजाराचे. गेले काही महिने बाबा गॅस चालू ठेवून खाली उतरतात. एकदा दूध आणायला गेले आणि भलत्याच गल्लीतून मला फोन केला, "अगं, मी आत्ता कुठे आहे?" तेव्हापासून त्यांचा फोन वाजला की मी हातातलं सगळं टाकून धावते.

खरं सांगते, मी मनातून ठरवून टाकलं होतं. डॉक्टरांनी नुसती मान हलवली की बाबांना वाघोलीला न्यायचं. ते नाही म्हणाले तरी... त्यांचं त्यांना कळत नाहीये, मग विचारायचं काय?

आता आमच्या गल्लीचा पार्किंगचा नियम. एका बाजूला पी-वनची पाटी, समोर पी-टूची. विषम तारखेला पी-वनकडे गाडी लावायची, सम तारखेला पी-टूकडे. त्यामुळे रोज सकाळी दात घासायच्या आधी अख्खी गल्ली आपापल्या गाड्या ढकलत या बाजूची त्या बाजूला करते. बाबांनीही जन्मभर तेच केलं. आता स्कूटर विकली, तरी गॅलरीत बसून दुसऱ्यांच्या गाड्यांवर लक्ष असतंच.

तर मी किल्ली घेऊन निघाले. बाबा म्हणाले, "राहू दे गं. आज नाही हलवायची."

म्हटलं, अहो बाबा, काल विषम तारीख होती, आज बाजू बदलायला नको का? ते म्हणाले, "आज नाही. उद्या."

झालं! मला एकदम रडूच यायला लागलं. म्हणजे आता साधं आज-उद्याही कळेना का यांना?

खाली बघितलं तर सगळ्या गाड्या पी-टूकडे, आणि पी-वनकडे माझी एकटीची. समोरचे केळकर काका आपली स्कूटर स्टँडला लावत वर बघून म्हणाले, "काय गं, वाघोलीत तारखा बदलत नाहीत वाटतं?"

बाबा पुन्हा म्हणाले, "हलवू नकोस." आणि माझं डोकं फिरलं. मी चक्क ओरडले... सगळी गल्ली चुकतेय आणि तुम्ही एकटे बरोबर का?

ते आत जाऊन शर्ट बदलायला लागले. मी खाली जाऊन गाडी पी-टूकडे लावली आणि वर येऊन पोहे केले.

निघायच्या वेळेला खाली हा गोंधळ! टोइंगवाले आमच्या गल्लीतल्या दुचाक्या पटापट टेम्पोत चढवतायत, केळकर काका बनियनवर धावतायत, आणि माझ्या गाडीच्या चाकाला जॅमर. मला काही सुधरेना. नियम बदलला? पाट्या बदलल्या? मी दोनदा इकडची पाटी वाचली, दोनदा तिकडची. काका तर हवालदारांना नियम समजावून सांगायला लागले.

हवालदारांनी शांतपणे विचारलं, "काका, आज तारीख काय?"

"एक."

"एक सम की विषम? आणि काल किती होती?"

काल एकतीस... एकतीस विषम आणि एकसुद्धा विषम. त्या दिवशी बाजू बदलायचीच नसते. बाकीच्यांचं सोडा, डॉक्टरांची अपॉइंटमेंट एक तारखेची आहे हे मला आठवडाभर पाठ होतं. तरीही गल्ली हलली म्हणून मी हलले.

बाबा माझ्या मागे पिशवी घेऊन उभे होते. म्हटलं, बाबा, नीट का नाही सांगितलंत? ते म्हणाले, "सांगितलं की. तीनदा."

जॅमर निघेपर्यंत थांबलो असतो तर नंबर गेला असता. रिक्षा केली. रिक्षात मला त्यांच्याकडे बघायची लाज वाटत होती, आणि ते आपले बाहेरच्या पार्किंगच्या पाट्या वाचत होते.

डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आजोबा, आज तारीख काय आहे?"

बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हिला विचारा. आज सकाळीच शिकली आहे."

डॉक्टर गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं...

मग डॉक्टरांनी तीन वस्तूंची नावं सांगितली आणि थोड्या वेळाने परत विचारली. बाबांना एकच आठवली. बाकीच्या दोन शोधत ते बराच वेळ टेबलाकडे बघत राहिले. तेव्हा मात्र मला हसू आलं नाही.

म्हणजे आजार आहे. आहेच. गोळ्या सुरू झाल्या. पण आजार आहे म्हणजे त्यांचं प्रत्येक वाक्य चुकीचं, हे मी कुठून ठरवलं होतं, कोण जाणे.

वाघोलीचं अजून ठरलेलं नाही. संध्याकाळी त्यांना पहिल्यांदाच नीट विचारलं, बाबा, तुम्हाला काय वाटतं? म्हणाले, विचार करून सांगतो. मी थांबले आहे.

आता रोज सकाळी फोन करून विचारते, बाबा, आज गाड्या कुठल्या बाजूला? ते बरोबर सांगतात. अजून तरी.