जीपच्या पोटातला ठेका

लढाई संपली आणि फौजेने आम्हा ड्रायव्हरांना घरी जायला सांगितलं, तेव्हा मी घरी गेलोच नाही. घर पार तापीकाठी. तिथे दोन थोरले भाऊ आणि एकच बैलजोडी. चौथीतून शाळा सोडलेल्या तिसऱ्याला तिथे काय काम? लोणावळ्याच्या एका डॉक्टरांनी फौजेच्या लिलावात एक जुनी जीप घेतली होती आणि ती चालवणारा त्यांना हवा होता. त्यांनी मला विचारलं, "चारही चाकांनी ओढणारी गाडी आहे, जमेल?" मी "जमेल" म्हणालो आणि त्यांनी त्याच दिवशी बंगल्यामागची खोली, घोंगडी आणि दोन वेळचं जेवण दिलं. आजही ते आठवलं की हात जोडावेसे वाटतात.

पण मी मुळात धास्तावलेला माणूस. रोज सकाळी वाटायचं, आज आपल्याला काढणार. डॉक्टरांच्या बाईंनी "अरे, जरा इकडे ये" अशी हाक मारली की मी मनातल्या मनात बोचकं बांधायचो, आणि त्यांना फक्त बरणीचं झाकण उघडून हवं असायचं.

अशात भाद्रपदात जीप वाजायला लागली.

कामशेतच्या पलीकडे एका रोग्याला बघायला निघालो होतो. मळवली मागे टाकली आणि पायाखालून आवाज आला. ठण्, ठण्, ठण्. गाडी हळू केली की आवाजही हळू. वेग दिला की भांड्यांच्या दुकानात बैल शिरल्यासारखा. उतरून बघितलं. खाली सगळा भातखाचरांचा चिखल, इतका की जीपचं पोट म्हणजे सारवलेली भिंत. मी स्प्रिंगांचे नट आवळले, ग्रीस भरलं, हात जोडले. पुन्हा ठण्, ठण्.

आम्हाला फौजेत चालवायला शिकवलं होतं, उघडायला नाही. उघडणारे वेगळे होते. पण डॉक्टरांना वाटायचं, ड्रायव्हर म्हणजे गाडीचा बाप.

संध्याकाळी डॉक्टरांनी अंगणात इंजिन चालू करायला लावलं, कानाला स्टेथस्कोप लावला आणि बॉनेटवर जागा बदलत बदलत ऐकत राहिले. "हृदय उत्तम," म्हणाले. मग वाकून गिअरपेटीचं ऐकलं. "पोटात वात आहे. एरंडेल घाल."

"डॉक्टर, गिअरपेटीत?"

"अरे, माणसाला चालतं ते लोखंडाला बाधणार आहे का? दोन मोठे चमचे."

मी घातलं. त्यांनी सांगितलं असतं तर मी तिला शिराही भरवला असता.

बाई मात्र घाबरल्या. त्यांना ही गाडी पहिल्या दिवसापासून नको होती. "अहो, हे काहीतरी तुटायचंय," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "एखाद्या दिवशी खाचरात उलटी पडेल. त्यापेक्षा आपला टांगा बरा." डॉक्टरांना कुणालाच नाही म्हणता यायचं नाही. त्यांनी कबूल केलं, रविवारपर्यंत आवाज गेला नाही तर कामशेतचा तांदळाचा एक व्यापारी गाडी मागतोच आहे, त्याला देऊन टाकू. त्या व्यापाऱ्याकडे निरोपही गेला.

टांगेवाला त्यांचा जुना होता. म्हणजे जीप गेली की मी गेलो. घोंगडीची घडी घालून तापीची वाट धरायची आणि भावांसमोर उभं राहायचं. मला जेवण जाईना.

बंगल्याची बाग बघायला मळवलीचे एक आबा होते. गावच्या भजनात ते पखवाज वाजवायचे आणि आपल्यासारखा हात अख्ख्या मावळात नाही असं स्वतःच सांगायचे. जीपचा आवाज त्यांना लय आवडला. फाटकापाशी गाडी आली की खुरपं टाकून मान हलवायचे.

"खानदेशी, गाडी तालात हाय रं तुझी!"

"आबा, माझी नोकरी चाललीय."

"जाऊ दे की. पर ताल चुकला न्हाई पायजे."

गुरुवारी इंदुरीकडून येताना मी गाडी नदीत घातली आणि खालून धुऊन काढली. चिखल बराच गेला आणि आवाज खुलला. आधी ठण् होता, आता स्वच्छ टण्. बाईंनी कानांवर हात ठेवले. शुक्रवारी सकाळी तर तो दुप्पट झाला. एका टण्च्या मागे लगेच दुसरा. आबा फाटकाशी नाचायचेच बाकी होते. "आत्ता कसं! कालपतूर ठेका अर्धाच हुता, आता भरला!"

आदल्या रात्री काही न करता आवाज दुप्पट कसा झाला, हे मला कळेना. मी ठरवलं, आता घाबरायचं ते घाबरायचं, पण नीट विचार करून.

बंगल्याजवळच्या उतारावर मी इंजिन बंद करून गाडी सोडली. आवाज तसाच. म्हणजे डॉक्टरांचं खरं होतं, हृदय उत्तम. गाडी उभी करून इंजिन चालवलं तर आवाज नाही. म्हणजे गाडी पुढे सरकताना जे फिरतं, त्यातलंच काहीतरी. चाक म्हणावं तर ठोके फार भरभर पडत होते. मी मागच्या चाकाला पांढरी चिंधी बांधली आणि आबांना मागे बसवलं.

"आबा, चिंधी वर आली की 'आली' म्हणायचं. मधले ठोके मोजायचे. दोन एकदम वाजले तर एकच धरायचा."

"मला ठोके मोजाया शिकवतो व्हय? तू गाडी हाक."

मी माणसाच्या चालीने गाडी चालवली. मागून मांडीवर थापा ऐकू येत होत्या. "आली! ... आली! ..." मग आबा भडकले. "आरं, ह्यो पाचाचा कसला ताल? पाचात भजन बसत न्हाई! सांग तिला, आट कर म्हनावं."

चाकाच्या एका फेऱ्यात पाच. फौजेतल्या उस्तादाने एकदा काठीने दाखवलं होतं ते मला आठवलं: गाडीच्या पोटातून चाकांकडे जाणारा जो लांब लोखंडी दांडा असतो, शाफ्ट, तो चाकाच्या एका फेऱ्याला जवळजवळ पाच फेरे घेतो. मी गाडी तिथेच थांबवली, पोत्यावर पडलो आणि खाली सरकलो.

पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टला उरल्यासुरल्या चिखलात घोड्याच्या दोन नाला तारेने करकचून बांधल्या होत्या. वर काळा दोरा आणि बिब्बा. दांडा फिरला की नालेचं बाहेर आलेलं टोक खालच्या पत्र्यावर आपटत होतं. एक नाल जुनी, गंजलेली. दुसरी कोरी.

"आबा," मी खालूनच विचारलं, "ह्या नाला कुणी बांधल्या?"

आबांचे पाय गाडीतून खाली उतरले. मग आबांचं तोंड उलटं दिसलं.

"म्या. बाईसायबांनी सांगितलं, दृष्टीची नाल बांदा, पर डागतरांच्या नजरंस येऊ न्हाई अशी. त्यांचा इस्वास न्हाई ना. मग आवाज आला तवा म्हनल्या, एकीनं भागत न्हाई, आनिक एक बांदा. ती काल राती बांदली."

"आणि ह्याच दांड्याला?"

"सगळ्यात बळकट त्योच दिसला."

"आबा, हा दांडा फिरतो."

"फिरतो?" आबांना माझी कीव आली. "म्या बांदली तवा तर गप हुता की!"

मी तारा कापल्या आणि नाला कनवटीला लावून थेट स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. बाई आमटीला फोडणी देत होत्या. मी नाला पायरीवर ठेवल्या. त्यांनी नालांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि फोडणी जळली.

"म्हणजे ती... ह्याच वाजत होत्या?"

"होय बाई."

त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडतायत. आता आपलं काही खरं नाही. पण त्या हसत होत्या, खांदे गदगदेपर्यंत. मग एकदम थांबून म्हणाल्या, "गाडी बिचारी धडच होती की. ह्यांना सांगू नकोस रे. जन्मभर ऐकवतील."

मी कशाला सांगतो? डॉक्टर गाडीत बसले, कान देऊन ऐकलं आणि आनंदले. "बघ! एरंडेलाने उतार पडायला चार दिवस लागतात."

पण रविवारी तो व्यापारी आला. रुमाल बांधलेला, पोट पुढे. जीप गप्प झाल्याचं बघून त्याची हौस दुप्पट झाली. "आता तर मी घेऊनच जातो, डॉक्टर. शब्द म्हणजे शब्द." आवाज गेला तर गाडी विकायची नाही, हे डॉक्टरांच्या तोंडातून निघेना. "तुम्ही इतकं म्हणताय तर..." असं म्हणून ते माझ्याकडेच बघायला लागले, जणू मीच काहीतरी सांगावं. मी काय सांगणार?

तेवढ्यात बाई चहा घेऊन बाहेर आल्या. माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाल्या, "शेठना एक चक्कर मारून आण. चांगली."

मी व्यापाऱ्याला शेजारी बसवलं आणि फाटकासमोरच्या डांबरी सडकेवर आलो. ऊन पडलेलं, सडक कोरडी खडखडीत. पुढच्या चाकांना जोर देणारा, गिअरशेजारचा छोटा हातदांडा खाचरातच ओढायचा, कोरड्या सडकेवर नाही, असं आम्हाला फौजेत छडी मारून शिकवलं होतं. तो मी ओढला. मग स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी जागच्या जागी गोल फिरवायला लागलो. पुढची चाकं एकीकडे, मागची दुसरीकडे. गाडी कण्हली, टायर किंचाळले, जीप बेडकासारख्या उड्या मारायला लागली. व्यापाऱ्याचा रुमाल डोळ्यांवर आला.

"थांबव! थांबव! हिला काय झालं?"

"हिचं असंच आहे, शेठ," मी म्हणालो, आणि ते सडकेपुरतं खरंही होतं.

तो चहा न पिताच चालत स्टेशनकडे गेला. डॉक्टर धावत फाटकापर्यंत आले, आणि व्यापाऱ्याची पाठ दिसली तसा, माझ्या मते, त्यांचा चेहरा खुलला. बाई माझ्यापाशी थांबल्या.

"आता हा कसला आवाज?"

"हा आपल्या हातातला आहे, बाई. हातदांडा सोडला की बंद."

"मग असू दे." त्या आत वळल्या आणि पुन्हा मागे बघून म्हणाल्या, "उद्या पवनेकडे तीन गावं करायची आहेत. सकाळी दूध पिऊन निघ. रिकाम्या पोटी निघतोस तू."

मी खोलीत गेलो आणि व्यापाऱ्याला निरोप गेल्यापासून घडी घालून ठेवलेली घोंगडी पुन्हा अंथरली.