बधिर बोटं

स्टीलवरून हात फिरवला आणि डोळे मिटले, की ओरखडा कुठे उरलाय हे पॉलिशवाल्याला कळायचं. तीस वर्षांचा सराव होता. त्याने घासलेल्या टाकीत बघून भांग पाडता येतो, म्हणून लोक त्याला ‘आरसा’ म्हणत. पण अलीकडे मशीन तासभर चाललं की उजव्या हाताची दोन बोटं पांढरीफटक पडायची, मुंग्या यायच्या आणि मग ती नुसती लाकडासारखी व्हायची.

हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. घरात होतं तरी कोण? थोरली बहीण, पुढच्या खोलीत शिवणकाम करणारी. एकदा त्याच्या हातून कप निसटला, तेव्हा तिने विचारलंच.

“लक्ष कुठंय तुझं?”

“ओला होता गं, ताई.”

कप पुसून तिनेच त्याच्या हातात दिला होता.

अशातच एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातून बोलावणं आलं. तिथल्या लांबलचक स्टीलच्या टेबलाला कुणीतरी लोखंडी घासणीने घासून पार विद्रूप केलं होतं. वर गंजाचे ठिपके. दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी होती.

“पाचच्या आत टेबल मोकळं हवं,” स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या, “नाहीतर उद्या साहेब माझी खरडपट्टी काढतील.”

“टेबलाची काढतो ना मी. तुमची वाचेल!” तो हसत म्हणाला.

स्टीलच्या अंगावर बारीक रेषा असतात. त्या जिकडे जातील तिकडेच हात गेला पाहिजे. आधी जाड पॉलिश पेपर, मग मध्यम, मग बारीक. जाड पेपर लावून त्याने मशीन चालवलं, गंज निघाला. दुपार कलली. बोटांची पकड कधी सैल पडली, त्याला कळलंच नाही. चाक तिरकं गेलं आणि टेबलाच्या ऐन मध्यावर वीतभर आडवा ओरखडा उठला.

तेवढ्यात बाई डोकावल्या. त्याने झटकन त्यावर फडकं टाकलं. “चाललंय, चाललंय.”

त्या गेल्या तशी त्याने फडकं उचलून ओरखड्यावर बोटं टेकवली. काहीच लागेना, आणि डाव्या हाताला ती पारख कधी नव्हतीच. दिव्याच्या उजेडात तर सगळंच चमकत होतं, त्यामुळे डोळ्यांचाही भरवसा नव्हता. शेवटी त्याने फोन लावला.

“ताई, असशील तशी ये. माझी बोटं गेली.”

ती धापा टाकत आली ती गळ्यात टेप आणि पायात दोन वेगळ्या चपला घालून. आधी तिने त्याचा हात ओढून बोटं मोजली.

“मेल्या, जीव गेला माझा! आहेत की पाचही!”

“आहेत गं. पण दोन नसल्यासारखीच आहेत.”

मग त्याने सगळं सांगून टाकलं. ती रागावली नाही. थंडगार पडलेली ती दोन बोटं तिने आपल्या तळहातांत धरून चोळली आणि म्हणाली, “सांग, मी काय करू?”

“डोळे मिटून लांबीच्या बाजूने हात फिरव. काही लागलं की सांग.”

कापडाचा उभा-आडवा धागा ओळखण्यात तिचा जन्म गेला होता. तिचं बोट बरोब्बर थांबलं. “इथं अडतंय.”

त्याने लाकडी ठोकळ्याला पेपर गुंडाळला आणि आजूबाजूचाही भाग घेत, खांद्यापासून जोर लावून घासायला सुरुवात केली. “आता?” “अजून.” “आता?” “थोडंसं.” घड्याळाकडे बघायची त्याची हिंमत होईना. बारीक पेपर फिरवून झाला, तेव्हा ताईचा हात सरळ पलीकडे गेला. पाचला दहा मिनिटं होती. मध्यावर जरासा खोलगटपणा राहिला होता, तो त्याच्या एकट्याच्या डोळ्यांना खुपत होता.

दुसऱ्या दिवशी अकराला फोन वाजला. त्याला तो उचलवेना, म्हणून ताईने घेतला. तपासणी पार पडली होती, आणि कपाटांच्या दारांचं काम कधी करता म्हणून बाई विचारत होत्या.

“डॉक्टरांना विचारून कळवू,” ताईने परस्पर सांगून टाकलं.

मशीनच्या थरथरीने नसा दुखावल्यात, मशीन बंद, असं डॉक्टरांनी बजावलं.

“पुरती बरी होतील ना?” त्याने विचारलं.

“आत्ताच सांगता येणार नाही. बघू.”

घरी आल्यावर तो शिडी लावून माळ्यावर चढला आणि मशीन पार मागे सरकवून खाली उतरला.

“ताई,” तो म्हणाला, “ही शिडी तुझ्या खोलीत नेऊन ठेव. मी मागितली तरी देऊ नकोस.”