सांडणारी पावडर

मी पावडरवाला माणूस आहे. विमानात शेजारच्याने काय करता विचारलं आणि मी 'पावडर' म्हणालो की तो जरा सरकून बसतो, म्हणून हल्ली 'फार्मा' म्हणतो. आयर्लंडमध्ये कॉर्क शहराजवळच्या रिंगास्किडीतल्या एका औषध कारखान्यात गेली चौदा वर्षं माझं काम एकच: पावडर नीट वाहते की नाही ते बघणं. गोळीत औषध सगळीकडे सारखं पडायला हवं, तर पावडर नरसाळ्यातून न अडकता, न थबकता खाली यायला हवी. एवढ्यावर माझं घर चालतं, आणि खरं सांगायचं तर एवढ्यावरच माझा अहंकारही चालतो.

त्यातून मी चिंचवडचा. न मागता सल्ला देणं हा आमच्याकडे शेजारधर्म समजतात. दुसऱ्याच्या गाडीच्या टायरकडे बघून 'हवा कमी आहे हो' म्हटल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. माझी बारा वर्षांची लेक असल्या वेळी कॉर्कच्या खास हेलात विचारते, "डॅड, डिड ही आस्क?" मी तिला मराठीत झापतो, ती इंग्लिशमध्ये डोळे फिरवते.

नेमबाजीच्या क्लबात मी गेलो तो एका सहकाऱ्यामुळे. शाळेत एअर रायफलने फुगे फोडलेत, एवढ्या भांडवलावर मी छोट्या रायफलचा परवाना काढला. गार्डांच्या, म्हणजे इथल्या पोलिसांच्या चौकशा, घरात लोखंडी कपाट, सगळं रीतसर. बायको म्हणाली, लोक चाळिशीत पळायला लागतात, तू नेम धरायला लागलास. निदान बसून करायचं आहे, तुला जमेल.

त्या क्लबात म्हातारबुवा होते. शहात्तर वर्षांचे, डेअरीतून निवृत्त, बायको वारलेली, मुलगी ऑस्ट्रेलियात. त्यांच्याकडे मॅग्नम रिव्हॉल्व्हर होतं. इथे असलं रिव्हॉल्व्हर आता नव्याने कुणाला मिळत नाही. ज्यांच्याकडे फार पूर्वीपासून परवाना आहे त्यांचा तेवढा दर काही वर्षांनी नवा होतो, आणि एकदा हातचा गेला की गेलाच. म्हातारबुवा दर शनिवारी यायचे, मोजक्या गोळ्या झाडायचे, मग फ्लास्कमधला चहा काढून दोन तास बसायचे. आठवड्यात तेवढाच दिवस ते कुणाशी बोलतात, हे मला नंतर कळलं.

काडतुसं ते स्वतः भरायचे. हे घरी करायची सोय नाही. क्लबच्या मागे एक परवानगी असलेली खोली आहे, पावडरीचे डबे तिथेच कुलपात. त्यांची नेहमीची पावडर यायची बंद झाली आणि डीलरने दोन पर्याय सांगितले. एक हलकी, चपट्या कणांची, कोंड्यासारखी. दुसरी जड, बारीक, गोल दाण्यांची, राजगिऱ्यासारखी. एका शनिवारी चहा ओतता ओतता ते मला म्हणाले की पावडरीतला माणूस तू, बघ बाबा यातली कुठली घ्यावी.

झालं! आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला सल्ला मागितला होता.

मी रविवार अख्खा त्यात घातला. एक्सेलमध्ये चौदा रकाने केले. वाहण्याला सगळ्यात जास्त गुण, कारण वाहणं म्हणजे आमचं दैवत. मग मापातली अचूकता, दमटपणा, साठवण, आणि कसले कसले गुण, ज्यांतले निम्मे मला लिहितानाच कळत नव्हते. पुढच्या शनिवारी जबाबदार सभासदाच्या देखरेखीखाली दोन्ही पावडरींचे चिमूटभर ढीग करून त्यांचा उतार मोजला. हो, कोनमापकाने. लेकीच्या कंपासपेटीतल्या. गोल दाण्यांची पावडर पाण्यासारखी वाहिली. कोंडा नरसाळ्यात अडकला, मी टिचकी मारली, तेव्हा ढेकळासारखा खाली आला. मला इतका आनंद झाला की तो तक्ता मी लॅमिनेट करून आणला. बायकोने विचारलं, लॅमिनेट कशाला? मी म्हटलं, संदर्भासाठी. ती पोळी लाटत राहिली.

म्हातारबुवांनी तक्ता हातभर लांब धरून बघितला. मग म्हणाले, "ती हलकी पावडर नळी भरून टाकते ना."

म्हणजे असं, की कोंड्यासारखी पावडर हलकी. एका काडतुसाला पुरेल एवढी घातली की पितळी नळी जवळजवळ भरते. राजगिऱ्यासारखी जड, ती तळाशी एवढीशी बसते. मी त्यांना समजावलं की नळी भरते हा काही गुण नव्हे, उलट जागेचा अपव्यय आहे. पाऊण तास समजावलं. मध्ये एकदा त्यांच्याच चहाच्या कपात बोट दाखवून समजावलं. ते ऐकत होते. शेवटी "ग्रँड सो", म्हणजे 'बरं तर', म्हणाले आणि फ्लास्कचं झाकण लावलं. चौदा वर्षं या देशात काढूनही त्यांच्या 'ग्रँड'मध्ये 'नको' असू शकतं हे माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं. पावडर माझ्या पसंतीची आली.

भरायच्या दिवशी मी फॉर्म घेऊन गेलो. आमच्या कारखान्यात एकाने काम करायचं, दुसऱ्याने तपासायचं आणि दोघांनी सह्या ठोकायच्या. सही नसेल तर काम झालंच नाही असं धरतात. म्हणून ओळीओळीला दोन सह्यांची जागा, आणि खाली 'शेरा' असा एक चौकोन, जो आमच्याकडे कुणी कधी भरत नाही, कारण भरला की चौकशी लागते.

लाकडी ठोकळ्यात पन्नास नळ्या, पाच-पाचच्या दहा ओळी. पावडर मापणाऱ्या यंत्राचा दांडा एकदा ओढला की एक माप पडतं. दांडा माझ्याकडे, कारण म्हातारबुवांनीच सांगितलं की तूच ओढ. मी तो मान समजलो. ओढता ओढता माझं व्याख्यान चालू होतं, बघा कशी वाहते, बघा, कण्हत नाही, कुथत नाही. सहाव्या ओळीनंतर लेकीचा फोन आला, कमोगीची, म्हणजे इथल्या मुलींच्या हॉकीसारख्या खेळाची प्रॅक्टिस लवकर सुटली होती. मी बाहेर जाऊन बायकोला फोन करून तिला आणायला पिटाळलं, परत आलो आणि व्याख्यान जिथे सोडलं होतं तिथून उचललं. दांडाही तिथूनच उचलला, असं मला वाटलं.

सगळ्या नळ्या झाल्यावर मी म्हातारबुवांच्या हातात टॉर्च दिला. प्रत्येक नळीत डोकावून बघा, पातळी सारखी आहे ना, आणि इथे सही. ते ठोकळ्यावर वाकले. खूप वेळ वाकले होते. टॉर्च एकेका नळीवरून हळूहळू नेला. मग दहाही ओळींपुढे सह्या केल्या. मी स्वतः आत बघितलं का? छे! माझ्या कागदावर तपासणीचं काम त्यांच्या नावावर होतं.

मग आम्ही गोळ्या बसवल्या, दाबल्या, पन्नास काडतुसं डबीत ओळीने चमकायला लागली. म्हातारबुवांनी चहा काढला. मी आमच्या पद्धतीचं शेवटचं काम करायला घेतलं, म्हणजे यंत्रात उरलेली पावडर तोलायची आणि वापरली किती ते ताडून बघायचं. खरं तर तेसुद्धा शायनिंग मारायला.

ताळा लागेना. पुन्हा तोललं. काटा पुसून तोललं. वापरलेली पावडर पन्नास मापांची नव्हती, पंचावन्न मापांची होती.

पाच मापं म्हणजे एक ओळ. फोननंतर मी सहावी ओळ परत भरली होती. पाच नळ्यांत दुप्पट पावडर होती आणि जड दाण्यांची असल्यामुळे ती आत मुकाट मावली होती. आता सगळ्यांवर गोळ्या बसलेल्या, डबीत भरताना ओळींचा क्रम मोडलेला, बाहेरून पन्नासही सारखी. त्यातलं एक जरी त्यांनी रिव्हॉल्व्हरमध्ये घातलं असतं तर रिव्हॉल्व्हर हातात फुटलं असतं. चहाचा कप धरलेला त्यांचा हात माझ्यासमोर होता. उजवाच.

आणि अशा वेळी माणसाच्या तोंडून काय निघावं? माफी? मी निर्लज्जासारखा म्हणालो की पण तुम्ही टॉर्चने बघितलंत, सह्या केल्यात!

त्यांनी कप खाली ठेवला. "मला आतलं दिसत नाही," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. मोतीबिंदू आहे. म्हणून तर मला ती सांडणारी हवी होती. चुकून दोनदा पडली तर नळीतून बाहेर येते, बोटाला लागते."

देखरेखीचा सभासद नेमका बाहेर गेला होता, खोलीत आम्ही दोघंच होतो. मी विचारलं, मग हे आधी का नाही सांगितलंत? ते म्हणाले, ऑपरेशनची यादी लांब आहे. तोवर कुणाला कळलं तर परवान्याच्या फॉर्मवर येणार, आणि हे एकदा गेलं की परत मिळत नाही. मग शनिवारी जायचं कुठे? लांबचं निशाण अजून बरं दिसतं, हेही त्यांनी सांगितलं, पण ते सांगताना माझ्याकडे बघितलं नाही.

"मग सह्या तरी का केल्यात?"

"तू त्या कागदावर इतका खूश होतास," ते म्हणाले.

मला लाज वाटली. नुसती नाही, कानशिलं तापेपर्यंत वाटली. चौदा रकान्यांत मी पावडरीचं सगळं विचारलं होतं. भरणाऱ्या माणसाला काय दिसतं, हा रकाना मी केला नव्हता. त्यांनी तर एका वाक्यात सांगून टाकलं होतं, नळी भरून टाकते म्हणून, आणि मी त्यांना त्यांच्याच चहात बोट दाखवून शहाणपण शिकवलं होतं.

पन्नासही काडतुसं उकलायला आम्हाला तो शनिवार आणि पुढचा शनिवार लागला. त्याचं एक हातोडीसारखं हत्यार असतं, ओंडक्यावर आपटलं की गोळी आणि पावडर सुटी होते. मी आपटत होतो, ते सुटी झालेली पावडर चाचपून वाटीत ओतत होते. सदतिसावं उकललं तेव्हा वाटीत ढीग दुप्पट पडला. तशी पाच निघाली. पाचवं निघाल्यावरही आम्ही थांबलो नाही, पन्नास पुरी केली.

मग त्यांनी माझा फॉर्म मागितला. मला वाटलं फाडणार. त्यांनी तो हातभर लांब धरला आणि शेऱ्याच्या चौकोनात मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं: 'दिसलं नाही. तरी सही केली.' ते तसंच क्लबच्या सेक्रेटरीकडे न्यायचं ठरवून त्यांनी टोपी घातली. मी म्हटलं, थांबा, असं केलंत तर रिव्हॉल्व्हर जाईल. ते म्हणाले, ऑपरेशन होईपर्यंत डीलरकडे कुलपात राहील असं मागून बघतो, नाही मिळालं तर नाही. हात मात्र दोन्ही शाबूत मुलीला दाखवायचेत, ती नाताळला येणार आहे.

नियमाप्रमाणे शेऱ्याखालीही दुसऱ्याची सही लागते. मी त्यांच्या हातातून पेन घेतलं आणि त्यांच्या ओळीखाली लिहिलं, 'त्यांनी आधीच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.' आणि सही केली.