विहीर असलेलं घर

शेवाळाचा ओलसर वास आला की सांगलीत पाहिलेलं ते मोडकं घर आठवतं. कौलं फुटलेली, भिंतींना भेगा. पण मागची भरलेली विहीर दिसताच म्हसवडच्या कोरड्या रानात जन्म काढलेले माझे वडील तिच्या काठावरच बसले. "ह्येच घे. मग मी बी येतो तुमच्यात राहायला," म्हणाले. आई गेल्यापासून गाव सोडायला ते पहिल्यांदाच तयार झाले होते. "आवं दादा, घर लय जुनं हाय!" मी त्यांना म्हणालो. "मी तरी कुठं नवा हाय रं? घेताच न्हवं चालवून?" पण चार घरं बघून मला घरांमधलं फार कळायला लागलं होतं. मी सांगलीतच, विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. वडील दोन दिवस राहून गेले, ते शेवटपर्यंत गावीच राहिले. त्यांच्यासाठी ठेवलेल्या खोलीत आम्ही आता इस्त्रीचे कपडे ठेवतो.